सायकलच्या ट्यूबला तेल लागलं तर नक्की काय बिघडतं?

ठाण्यात येऊरला किंवा घोडबंदर रोडला पहाटे सायकल काढणाऱ्या कुणाच्याही सीटखालचं पाउच उघडून बघा. एक स्पेअर ट्यूब, दोन टायर लिव्हर, ॲलन की आणि बऱ्याचदा चेनला घालायच्या तेलाची इवलीशी बाटली. बाटलीचं झाकण मुळातच जरा सैल असतं. खड्डे खात खात ते आणखी सैल होतं. मग कधीतरी पंक्चर होतं, स्पेअर ट्यूब बाहेर निघते आणि हाताला बुळबुळीत लागते. आता ही चढवायची की टाकून द्यायची?

ग्रुपमध्ये विचारलंत तर दोनच उत्तरं येतात. एक म्हणतो, तेल रबराला खातं, फेकून दे. दुसरा म्हणतो, काही होत नाही रे, पूस आणि घाल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण कोणतं तेल, कोणतं रबर आणि किती दिवस, हे दोघंही विचारत नाहीत. सगळं उत्तर त्या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

माझी काही वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या रबर कारखान्यात गेली. ऑइल सील, ओ-रिंग (गळती थांबवणारी रबराची गोल कडी), वॉशर असला माल तिथे निघायचा. रबर तेलात बुडवून किती फुगतं ते मोजणं हे तिथलं नेहमीचं काम. सायकलची ट्यूब आम्ही कधी बनवली नाही, पण नियम तेच.

तेल आणि रबर एकाच कुळातले

रबराचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या नैसर्गिक रबरात (आपल्या देशात ते मुख्यतः केरळातून येतं) आयसोप्रीन नावाचा एकच तुकडा हजारो वेळा एकापुढे एक जोडलेला असतो. या तुकड्यात कार्बन आणि हायड्रोजन सोडून तिसरं काही नाही.

आता पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीसमधलं तेल यांच्याकडे बघा. जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाचेच हे वेगवेगळे भाग, आणि त्यांचे रेणूही जवळजवळ पूर्णपणे कार्बन-हायड्रोजनचेच. फरक मुख्यतः लांबीचा. पेट्रोलचे रेणू छोटे, इंजिन ऑइलचे मोठे, आणि रबराचे प्रचंड मोठे. रसायनशास्त्रातला जुना नियम आहे की सारखा पदार्थ सारख्यात मिसळतो. पाण्याचं वळण वेगळं असल्यामुळे ते रबरावरून ओघळून जातं. तेलाला मात्र रबराच्या आत शिरायला काहीच अडचण वाटत नाही.

मग ट्यूब तेलात विरघळून का जात नाही? कच्चं रबर खरोखरच विरघळतं. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं ते याच गुणाच्या जोरावर. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्था नावाच्या पातळ द्रवात त्याने रबर विरघळवलं आणि ते दोन कापडांच्या मध्ये लावलं. त्या रबराची अडचण अशी की ते उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत ताठ. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की रबरात गंधक मिसळून तापवलं की हा लहरीपणा जातो. त्यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात, आणि कारखान्यात सगळे नुसतं ‘क्युअरिंग’ म्हणतात.

क्युअरिंगमध्ये होतं काय, तर गंधक शेजारशेजारच्या साखळ्यांना अधूनमधून एकमेकींशी बांधून टाकतं. दोऱ्यांचा मोठा गुंता डोळ्यांसमोर आणा. गाठी नसतील तर एकेक दोरा हळूहळू सोडवून बाहेर काढता येतो, म्हणजे रबर विरघळतं. जागोजागी पक्क्या गाठी मारल्या तर गुंता ओढून सैल करता येतो, पसरवता येतो, पण एकही दोरा सुटा होत नाही. तेलात बुडवलेली ट्यूब अशीच पसरते. तिला आपण फुगणं म्हणतो.

हे फुगणं अमर्याद नसतं. तेलाचे रेणू साखळ्यांमध्ये घुसून त्यांना एकमेकींपासून लांब ढकलतात, आणि गाठींनी बांधलेल्या साखळ्या ताणल्या जाऊन परत आवळायला बघतात. आत यायची ओढ आणि आवळायची ओढ सारखी झाली की फुगणं थांबतं. हा हिशेब पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये समीकरणात मांडला. फ्लोरींना पुढे १९७४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गाठी जास्त असतील तर फुगणं कमी, एवढं त्यातून आपल्यापुरतं घेतलं तरी पुरे. ट्यूब ताणली जायला हवी म्हणून तिच्यात गाठी बेताच्याच ठेवलेल्या असतात, म्हणजे ती फुगण्याच्या बाबतीत आधीच कच्ची.

तेल रबराला ‘खातं’ म्हणतात तेव्हा ॲसिडसारखं काहीतरी मनात येतं. तसं इथे काही जळत नाही, साखळ्या तुटत नाहीत. साध्या खनिज तेलाने रबर रासायनिकरीत्या बदलत नाही. पण साखळ्या लांब गेल्यामुळे त्यांची एकमेकींवरची पकड सुटते, आणि रबराची खरी ताकद त्या पकडीत असते. फुगलेली ट्यूब मऊ लागते, नखाने सहज टरकते, आणि एकदा चीर पडली की ती सरसर पुढे जाते.

घरी बघता येण्यासारखं

जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापा. तिच्यावर बॉलपेनने बरोबर १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून जे मिळतं तेही बहुतेक वेळा खनिज तेलाचाच एक भाग असतं, ते थोडं घ्या. बाल्कनीत, उघड्यावर, गॅसपासून लांब. पट्टी सपाट काचेवर ठेवून फक्त वरच्या बाजूला ब्रशने टर्पेंटाइन फिरवा.

थोड्या वेळात पट्टीची टोकं खाली वळायला लागतात आणि मधला भाग कमानीसारखा वर येतो. वरची बाजू फुगून लांब झाली, खालची अजून होती तेवढीच आहे, म्हणून हा बाक. आणखी टर्पेंटाइन लावत राहिलात तर ते खालच्या बाजूपर्यंत पोचतं आणि पट्टी परत सपाट होते. मात्र आता तिच्या खुणांमधलं अंतर १० सेंटिमीटरहून जास्त भरतं. ट्यूबच्या भिंतीतून तेल आरपार जाताना डोळ्यांना दिसणं ते हेच. मग पट्टी उघड्यावर ठेवून द्या, टर्पेंटाइन उडून जाईल आणि पट्टी जवळपास पहिल्या मापावर येईल.

खुणांमधली लांबी बघताना एक गोष्ट चकवते. लांबी सव्वापट झाली म्हणजे ‘पंचवीस टक्केच तर वाढली’ असं वाटतं. पण रुंदी आणि जाडीही तेवढीच वाढलेली असते, म्हणजे घनफळ जवळपास दुप्पट झालं. पट्टीत जेवढं रबर आहे तेवढंच तेल आत जाऊन बसलं.

कारखान्यात याचीच पक्की रीत असते. आयआरएम ९०३ नावाचं ठरावीक तेल घ्यायचं, बऱ्याचदा १०० अंश सेल्सिअसला ७० तास नमुना त्यात ठेवायचा, आणि आधी व नंतर त्याचं हवेत आणि पाण्यात वजन करायचं. दोन वजनांच्या फरकातून घनफळ निघतं. नायट्राइल या तेल सोसणाऱ्या कृत्रिम रबराची चांगली ओ-रिंग या परीक्षेतून थोडी जाड होऊन बाहेर येते. नैसर्गिक रबराचा नमुना कितीतरी जास्त फुगलेला असतो, आणि चिमट्याने उचलताना जेलीसारखा लोंबतो. नवीन आलेल्या पोरांना मुद्दाम तो उचलायला सांगायचे.

ब्यूटिल: हवा अडवतं, तेल नाही

सायकलच्या चांगल्या ट्यूबवर बहुतेक वेळा ‘ब्यूटिल’ असं छापलेलं असतं. हे कृत्रिम रबर १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी तयार केलं. आयसोब्यूटिलीन नावाच्या वायूच्या साखळीत एक-दोन टक्के आयसोप्रीन, अशी त्याची घडण. या साखळीवर छोटे छोटे फाटे इतके दाटीवाटीने बसलेले असतात की हवेच्या रेणूंना वाट काढायला फार वेळ लागतो. नैसर्गिक रबरातून हवा ब्यूटिलच्या साधारण आठ-दहा पट वेगाने निसटते. शर्यतीवाले लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराचीच, पातळ ट्यूब घालतात, त्यांना रोज सकाळी पंप हातात घ्यावा लागतो तो यामुळे.

हवा अडते म्हणून तेलही अडेल असा अंदाज स्वाभाविक आहे, आणि इथेच लोक फसतात. ब्यूटिलही कार्बन-हायड्रोजनचंच. त्यामुळे खनिज तेलात तेही भरपूर फुगतं, फक्त दाटीमुळे तेलाला आत शिरायला वेळ लागतो. उशिरा, पण फुगतंच. रस्त्यात ट्यूबला चेनचं तेल लागलं आणि दहा मिनिटांत पुसलं तर ब्यूटिल तुम्हाला माफ करतं. दोन महिने पाउचमध्ये तेलात मुरलेली ट्यूब मात्र वेगळी गोष्ट आहे.

जाडीचाही मोठा वाटा आहे. पदार्थातून झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. भिंत दुप्पट जाड असेल तर आरपार जायला चौपट वेळ. साध्या रोजच्या सायकलची जाडजूड ट्यूब म्हणूनच तेलाच्या बाबतीत महागड्या हलक्या ट्यूबपेक्षा सोशिक.

आणखी एक, ज्याने बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. नव्याकोऱ्या ब्यूटिल ट्यूबमध्ये तेल असतंच. ट्यूबचं कंपाउंड (मिश्रण) तयार करताना मिलवर, म्हणजे रबर मळणाऱ्या रुळांच्या यंत्रावर, रबर, कार्बन ब्लॅक (काजळी), गंधक यांच्याबरोबर पॅराफिनिक तेल, म्हणजे खनिज तेलाचाच एक प्रकार, तेही घालतात, म्हणजे माल मऊ राहतो आणि नीट ओढला जातो. म्हणून तेलाचा एखादा थेंब म्हणजे विष नाही. एका जागी पडलेला थेंब पुसायचा राहिला तरी तो आत जाऊन हळूहळू आजूबाजूच्या रबरात पसरतो आणि त्याचा परिणाम पातळ होत जातो. घातक असतं ते तेलाचं भांडार शेजारी असणं, म्हणजे तेलाने भिजलेलं फडकं, पाउचमधलं तळं, किंवा ग्रीसचा गोळा. तेल मिळत राहिलं तर रबर पोटभर पीत राहतं.

कोणतं तेल किती वाईट

सगळ्यात वेगाने शिरतात ते पातळ द्रव: पेट्रोल, रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन. चेन साफ करायला अनेक जण डिझेल वापरतात आणि ब्रशचे शिंतोडे मागच्या टायरवर, रिमवर उडतात. पेट्रोल लगेच उडून जातं, त्यामुळे रबर बरंचसं पूर्ववत होतं. पण जाताना ते ट्यूबमधलं मूळचं तेल आणि रबर टिकवणारी द्रव्यं थोडी धुऊन नेतं, म्हणून वरचेवर पेट्रोलने पुसलेली ट्यूब पुढे कडक होते. डिझेल पटकन शिरतं आणि सहजासहजी उडतही नाही. माझ्या मते सायकलजवळ आणू नये असं हे सगळ्यात वाईट जोडीदार, आणि तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला रस्त्यावर सांडलेलं हेच असतं. रस्त्यावरच्या त्या थराने ट्यूबला फारसं काही होत नाही, मधे जाड टायर आहे. तिथे चाक घसरून तुम्ही पडणं हा खरा धोका.

इंजिन ऑइल, चेन ऑइल, गंज सोडवायचे स्प्रे: यातली स्प्रे पातळ द्रव आणि तेल यांचं मिश्रण असतात. पातळ भाग रस्ता करून देतो आणि उडून जातो, तेल मागे राहतं.

मग आपलं खोबरेल तेल. कुरकुरणाऱ्या पेडलवर, कुलपावर, बिजागरीवर घरोघरी तेच पडतं. खाद्यतेलांच्या रेणूत ऑक्सिजनची जोडणी असते आणि ते आकाराने मोठे असतात, त्यामुळे ती खनिज तेलांपेक्षा रबरात हळू आणि कमी शिरतात. निर्धोक म्हणता येणार नाहीत, पण तुलनेने सौम्य. एरंडेल तर आणखी वेगळं. त्याच्या रेणूवर पाण्याशी जवळीक असणारा एक जास्तीचा गट असतो, म्हणून नैसर्गिक रबर त्यात फारसं फुगत नाही. गाड्यांच्या हायड्रॉलिक ब्रेकचे सुरुवातीच्या काळातले द्रव एरंडेलापासून बनवायचे ते याच कारणाने. आतले कप नैसर्गिक रबराचे असायचे आणि दुसरं कुठलं तेल त्यांना मानवलं नसतं.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर डिस्क ब्रेकवाल्यांसाठी थोडं. शिमानोच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, म्हणून आतली सील तेल सोसणाऱ्या रबराची. काही दुसऱ्या कंपन्यांच्या ब्रेकमध्ये ग्लायकोलवर आधारलेला डॉट फ्लुइड असतो आणि तिथली सील वेगळ्या रबराची, ज्याला खनिज तेल अजिबात चालत नाही. बाटल्यांची अदलाबदल झाली की सील फुगतात आणि लिव्हर अडकून बसतो. दोष ना तेलाचा ना रबराचा, जोडी चुकलेली असते.

पाणी, साबण, ग्लिसरीन, सॅनिटायझर यांनी ट्यूबला काही होत नाही. सिलिकॉन तेलही ब्यूटिलला फारसं त्रास देत नाही, पण ते एकदा लागलं की पॅच चिकटणं अवघड, तेव्हा तेही लांबच बरं.

फुगलेली ट्यूब दगा कुठे देते

सायकलच्या चाकातला ४०-६० पीएसआयचा दाब ट्यूब पेलते असं वाटतं, पण तो भार खरं तर टायरच्या आतल्या धाग्यांच्या कापडावर असतो. ट्यूबचं काम फक्त हवा धरून ठेवणं. म्हणून टायरच्या सपाट आतल्या भिंतीला टेकलेला ट्यूबचा भाग तेलाने थोडा मऊ झाला तरी तो तिथल्या तिथे फुटत नाही. त्याला मागून आधार आहे.

आधार नसतो तिथे मात्र कमजोर रबराची परीक्षा होते. स्पोकच्या डोक्यांवरची रिम टेप सरकलेली असेल तर दाब मऊ झालेल्या ट्यूबला त्या भोकात ढकलत राहतो आणि ती हळूहळू पातळ होत फाटते. दुसरी जागा व्हॉल्व्हचं बूड, जिथे रबर धातूला चिकटवलेलं असतं. फुगलेलं रबर वाढू बघतं, धातू वाढत नाही, आणि मधली जोड सुटायला लागते. तिसरी म्हणजे जुने पॅच. पॅचच्या कडेने तेल आत सरकतं आणि कड उचलली जाते.

साध्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये अजूनही बारीकशी व्हॉल्व्ह ट्यूब असते, काडीएवढी, नैसर्गिक रबराची. ती पिनवर चढवताना अडकते म्हणून कुणी तेलाचं बोट लावतं. इतक्या पातळ रबराला तेवढंही पुरतं. पंक्चरवाले ती थुंकी लावून चढवतात. दिसायला कसंही असो, शास्त्र त्यांच्या बाजूने आहे.

पंक्चरवाल्याचं सोल्यूशन

आमच्या पाचपाखाडीतल्या पंक्चरवाल्या काकांकडे एकदा तेलकट ट्यूब घेऊन एक कॉलेजचा मुलगा आला होता.

“काका, पटकन पॅच मारा ना, क्लासला जायचंय.”

काकांनी ट्यूब दोन बोटांत चोळली, मग अंगठ्याचं नख दाबून सोडलं. नखाचा वण तसाच राहिला.

“ही कशात ठेवली होतीस?”

“बॅगेत. चेनचं तेल सांडलं होतं.”

“मग हिच्यावर पॅच धरणार नाही. आत मुरलंय. मारून देतो म्हटलं तर तीन हात नाक्यापर्यंत पोचशील, पुढचं माहीत नाही. नवी टाक.”

मुलाला ते पटलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर काका दुसऱ्या ट्यूबवर पेट्रोलने भिजवलेलं फडकं फिरवत होते. पेट्रोल चालतं आणि तेल नाही?

त्याची शंका रास्त होती. सोल्यूशन म्हणजे पेट्रोलच्याच जातीच्या पातळ द्रवात विरघळवलेलं रबर. ट्यूब आधी खरखरीत पत्र्याने किंवा पॉलिश पेपरने घासतात, मग सोल्यूशन लावतात. ते ट्यूबच्या वरच्या थरात शिरून तो फुगवतं, साखळ्या सैल करतं, आणि सोल्यूशनमधल्या रबराच्या साखळ्या त्या सैल जागेत गुंतून बसतात. ज्या फुगण्याने ट्यूब खराब होते, त्याच फुगण्याच्या जिवावर पॅच चिकटतो.

फरक पुढे पडतो. सोल्यूशनमधला द्रव काही मिनिटांत उडून जातो. साखळ्या परत आवळतात आणि आत गुंतलेलं पॅचचं रबर धरून ठेवतात. चेनचं तेल उडत नाही. ते साखळ्यांमध्ये बसूनच राहतं, पॅचच्या रबराला आत गुंतायला जागा मिळत नाही, आणि जे थोडं धरलं असेल तेही सोल्यूशन उडून गेल्यावर सैलच राहतं. वरवर लागलेलं तेल पेट्रोलने पुसून घासलं की पॅच चांगला बसतो. मुरलेलं तेल घासून जात नाही, कारण घासाल तेवढा खालचा थर तेलकटच निघतो.

घरी पॅच मारणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूकही याच हिशेबात येते. सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबला की द्रव खाली कोंडतो, उडू शकत नाही, आणि तेवढा भाग फुगलेलाच राहतो. चकाकी जाऊन ते कोरडं दिसायला लागेपर्यंत थांबायचं, फुंकर न मारता. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत फुंकर मारली की तोंडातली वाफ थरावर जमते आणि काम आणखी बिघडतं.

सोसायटीचं पार्किंग आणि पावसाळा

तेलाने ट्यूब जाण्याचा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार इमारतीखाली घडतो. मुलाची परीक्षा आली की सायकल भिंतीला लागते, महिन्याभरात हवा जाते, आणि टायर चपटा होऊन जमिनीवर बसतो. शेजारच्या स्कूटरच्या इंजिनमधून तेल गळत असेल तर टायर त्या काळ्या डागातच उभा. टायरची बाजूची भिंत पातळ असते, आणि आतल्या धाग्यांतून तेल सरकत जातं. शाळेला सुट्टी लागल्यावर हवा भरायला गेलात की टायरची बाजू फोडासारखी वर आलेली दिसते. अशा वेळी टायर-ट्यूब दोन्ही बदलावं. चपटी सायकल नुसती उभी असेल तर एक चाक फळीवर ठेवलं तरी बरंच वाचतं.

पावसाळ्यात गंजाच्या भीतीने चेनवर तेलाची धार सोडली जाते. जास्तीचं तेल चाक फिरलं की रिमवर जातं. रिम ब्रेकच्या सायकलला यात ट्यूबची काळजी नंतर करा. ब्रेकची रबरी गुट्टी तेल पिते, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि येऊरच्या उतारावर लिव्हर दाबून काही उपयोग होत नाही. तेल चेनच्या आतल्या बाजूने, प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि मग फडक्याने वरचं सगळं पुसून घ्या. कडीच्या बाहेर दिसणारं तेल फक्त माती गोळा करतं.

हातात तेलकट ट्यूब आहे, आता?

ताजं लागलं असेल तर कोरड्या कापडाने टिपा, मग भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. पेट्रोलने संपूर्ण ट्यूब धुवायचा मोह टाळा. वाळल्यावर शंखजिऱ्याची पूड लावा. ती थोडं उरलेलं तेल शोषते आणि टायरमध्ये ट्यूब घडी न पडता बसते. टायर चढत नसेल तर कडेला साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा तेल नाही.

किती दिवस लागलेलं होतं ते माहीत नसेल तर काकांची नखाची परीक्षा करा. तेलकट भाग आणि स्वच्छ भाग यांच्यावर सारखंच नख दाबा. दोन्हीकडे वण लगेच भरून आला तर ट्यूब वापरा. तेलकट बाजूला वण राहिला, ती बाजू जास्त रुंद किंवा लिबलिबीत वाटली, किंवा थोडी हवा भरल्यावर तेवढाच भाग इतरांपेक्षा फुगून आला, तर ती चढवू नका. बादलीत बुडवून बुडबुडे आले नाहीत म्हणून ती चांगली ठरत नाही. फुगलेली ट्यूब स्थिर असताना हवा धरते, फाटते ती धावताना.

स्पेअर ट्यूब झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा जुन्या पायमोज्यात गुंडाळून ठेवा. तेलाची बाटली दुसऱ्या कप्प्यात, नाहीतर घरीच. येऊरच्या फेरीत चेनला तेल घालायची वेळ येत नाही.

हल्ली टीपीयूच्या रंगीत, पारदर्शक ट्यूब मिळायला लागल्या आहेत. हे रबर नाही, एक प्रकारचं पॉलियुरेथेन. ब्यूटिलच्या मानाने ते खनिज तेल आणि ग्रीस खूपच चांगलं सोसतं, आणि वजनालाही फार हलकं. त्या बदल्यात नेहमीचं सोल्यूशन त्यावर चालत नाही, कारण त्याला ते आत घेतच नाही. अशा ट्यूबबरोबर तिचे खास पॅच घेऊन ठेवा, आणि घेताना किंमत बघून बसा.

बाद झालेली तेलकट ट्यूब पंक्चरवाल्याकडे टाकून येणार असाल तर त्याला तेल लागलंय ते सांगा. बरेच जण जुन्या ट्यूबमधूनच पॅच कापतात, आणि असा पॅच कुणाच्याही चाकावर टिकणार नाही.